आधी पदवी, मग वैद्यक: अमेरिकेतल्या ‘हमीच्या’ मेडिकल प्रवेशामागचा इतिहास

आनंदीबाई जोशी 1883 मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा त्यांचे वय अठरा होते आणि हाती कोणतीही पदवी नव्हती. पुढच्या अडीच वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करून 11 मार्च 1886 रोजी त्या एम.डी. (अमेरिकेतली डॉक्टरकीची मूळ पदवी) झाल्या. आज त्याच देशात जन्मलेल्या एखाद्या मराठी मुलीला डॉक्टर व्हायचे असेल, तर आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, मग एमसीएटी ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, मग पंधरा-वीस ठिकाणी अर्ज आणि मुलाखती, आणि एवढे करूनही प्रवेश मिळेलच असे नाही. अठराव्या वर्षी थेट वैद्यकाकडे जाणारी वाट मधल्या काळात का बंद झाली आणि ‘बीएस/एमडी’ (कॉलेजची पदवी आणि एम.डी. यांचा एकत्रित प्रवेश) या नावाने ती पुन्हा अर्धवट का उघडली, हे समजल्याशिवाय तिथल्या अनेक घरांत दर एप्रिलमध्ये पडणारा पेच नीट कळत नाही.

पेच असा. बारावीतल्या मुलाला एकीकडे नावाजलेल्या विद्यापीठाने प्रवेश दिलेला असतो, पण वैद्यकाबाबत त्याने कसलाही शब्द दिलेला नसतो. दुसरीकडे कमी नावाच्या एखाद्या कॉलेजाचे पत्र असते आणि त्यासोबत जोडलेल्या मेडिकल स्कूलने, अटी पाळल्यास, चार वर्षांनंतरची जागा आजच राखून ठेवलेली असते. न्यू जर्सीतल्या मराठी पालकांना टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) किंवा एनजेआयटी (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या कॉलेजांची नावे ठाऊक असतात ती बऱ्याचदा न्यूअर्कच्या न्यू जर्सी मेडिकल स्कूलशी असलेल्या या जोडणीमुळेच. बहुतेक ठिकाणी निर्णय 1 मेपर्यंत कळवावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात असा प्रश्न कोणाला पडला नसता, कारण अमेरिकेत डॉक्टर होणे फारसे अवघड नव्हते. अनेक वैद्यकीय शाळा शिक्षकांच्या खासगी मालकीच्या होत्या, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर त्यांचा प्रपंच चाले, आणि शुल्क देणाऱ्याला नापास करण्यात कोणाचे हित नव्हते. हार्वर्डचीही स्थिती फार वेगळी नव्हती. तिथली अंतिम परीक्षा तोंडी असे. नऊ विषयांचे नऊ परीक्षक प्रत्येकी काही मिनिटे प्रश्न विचारत, आणि नऊपैकी पाच विषयांत निभावले की पदवी मिळे. उरलेल्या चार विषयांत पूर्ण अज्ञान असले तरी रुग्णावर हात चालवायला हरकत नव्हती. 1869 मध्ये अध्यक्ष झालेल्या चार्ल्स एलियट यांनी लेखी परीक्षेचा प्रस्ताव मांडला, तेव्हा ज्येष्ठ शल्यचिकित्सक हेन्री बिगेलो यांनी तो अशक्य ठरवला. त्यांच्या म्हणण्यानुसार अर्ध्याहून अधिक विद्यार्थ्यांना धड लिहिताच येत नव्हते. तरीही 1871 पासून हार्वर्डने अभ्यासक्रम तीन वर्षांचा केला आणि सर्व विषयांत उत्तीर्ण होणे सक्तीचे केले.

खरी कलाटणी 1893 मध्ये बाल्टिमोरला मिळाली. जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलसाठी पैसा कमी पडत होता. मेरी एलिझाबेथ गॅरेट यांनी 5 लाख डॉलरचा निधी पुरा करून दिला, पण दोन अटी घालून. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश हवा ही एक, आणि प्रवेशापूर्वी महाविद्यालयीन पदवी असलीच पाहिजे ही दुसरी. दुसऱ्या अटीचे संस्थेतल्या मंडळींनाही दडपण आले होते. आपण दोघे प्राध्यापक म्हणून आत आलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी घेतले नसते, असे विल्यम ऑस्लर यांनी सहकारी विल्यम वेल्च यांना गमतीने म्हटल्याचे सांगतात. ‘आधी पदवी, मग वैद्यक’ हा आज अढळ वाटणारा नियम एका देणगीच्या करारातून पुढे आला, ही गोष्ट मला नेहमीच बोलकी वाटते.

एका संस्थेची ही अट देशाचा दंडक झाली ती अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अहवालामुळे. स्वतः डॉक्टर नसलेल्या या शाळामास्तरांनी कार्नेगी फाउंडेशनच्या सांगण्यावरून अमेरिका आणि कॅनडातल्या 155 वैद्यकीय शाळा पाहिल्या आणि 1910 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हॉपकिन्स हा त्यांचा आदर्श होता. किमान दोन वर्षे कॉलेज झाल्याशिवाय प्रवेश देऊ नये अशी त्यांची शिफारस होती. निकृष्ट शाळा आधीपासूनच बंद पडू लागल्या होत्या, पण अहवालानंतर त्या ओहोटीला वेग आला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या शाळांची संख्या सुमारे 80 वर आली. याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. कृष्णवर्णीयांसाठीच्या सात शाळांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी या दोनच टिकल्या. दोन वर्षांच्या कॉलेजची अट पुढे वाढत जाऊन व्यवहारात चार वर्षांची झाली.

ब्रिटनने हे वळण घेतले नाही आणि म्हणून भारतानेही नाही. 1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले त्या परंपरेत शाळेनंतरच वैद्यकाकडे जाण्याचा क्रम रुजला. आजही बारावी, नीट आणि साडेपाच वर्षांचे एमबीबीएस हाच आपल्याकडचा राजमार्ग आहे. 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेले भारतीय डॉक्टर याच मार्गाने डॉक्टर झालेले होते. त्यामुळे सतराव्या वर्षी मेडिकलची जागा पक्की करण्यात मराठी पालकांना काही घाई वाटत नाही, उलट त्यात ओळखीची शिस्त दिसते. अमेरिकन शेजाऱ्याला मात्र तेच लग्न लवकर उरकल्यासारखे वाटू शकते.

आता ‘हमी’कडे. पदवीची चार वर्षे, वैद्यकाची चार आणि वर रेसिडेन्सी, म्हणजे एखाद्या शाखेतले रुग्णालयातले प्रशिक्षण, हा प्रवास लांबलचक आहे, ही तक्रार जुनीच होती. दुसऱ्या महायुद्धात वैद्यकीय शाळांनी सुट्ट्या रद्द करून चार वर्षांचे शिक्षण तीनमध्ये बसवले होते, म्हणजे कालावधी कमी होऊ शकतो हे सिद्ध झाले होते. 1959 मध्ये सर्जन जनरलांनी (केंद्र सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी) नेमलेल्या सल्लागार गटाने डॉक्टरांचा तुटवडा पडणार असा इशारा दिला, आणि 1961 मध्ये नॉर्थवेस्टर्न व बॉस्टन या दोन विद्यापीठांनी शालेय विद्यार्थ्यांना थेट निवडून सहा वर्षांत एम.डी. करणारे अभ्यासक्रम सुरू केले. त्याच दशकात पेन स्टेट आणि फिलाडेल्फियाचे जेफरसन मेडिकल कॉलेज यांची जोडी जमली. 1971 मध्ये कॅन्सस सिटीत मिसुरी विद्यापीठाची नवी मेडिकल स्कूल उघडली ती मुळातच सहा वर्षांच्या आराखड्यावर. म्हणजे मूळ हेतू वर्षे वाचवण्याचा होता. प्रवेशाची निश्चिती ही त्यातून आपोआप आलेली सोय होती.

हा हेतू पुढे बदलला, आणि आजच्या पेचाचे मूळ मला त्या बदलातच दिसते. 1980 मध्ये एका सरकारी समितीने 1990 पर्यंत देशात 70,000 डॉक्टर जास्त होतील असे भाकीत केले. तुटवड्याचे कारण कागदावर तरी संपले, तरी अभ्यासक्रम चालू राहिले. ब्राउन विद्यापीठाने 1985 मध्ये आपला अभ्यासक्रम पूर्ण आठ वर्षांचाच ठेवला. एकही वर्ष वाचत नव्हते. वैद्यकाच्या प्रवेशासाठीची गुणांची मारामारी टळली तर विद्यार्थी इतिहास, संगीत, तत्त्वज्ञान मोकळेपणाने शिकेल, असा त्यामागचा विचार होता. आयव्ही लीग या आठ नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातला असा अभ्यासक्रम आजही हा एकच आहे, आणि तिथे नाव व हमी दोन्ही एकत्र मिळत असल्याने पेचच उरत नाही. इतर कॉलेजांना वेगळाच उपयोग कळला. जो हुशार मुलगा एरवी मोठ्या नावाच्या विद्यापीठात गेला असता, तो राखीव जागेच्या ओढीने आपल्याकडे येतो. वर्षे वाचवायला निघालेली योजना अशी हळूहळू अनिश्चिततेवरचा विमा बनली, आणि विम्याचा हप्ता म्हणजे सोडून दिलेले मोठे नाव.

ही अनिश्चितता खोटी नाही. अमेरिकेत एम.डी.साठी अर्ज करणाऱ्यांपैकी कुठल्याही वर्षी साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपासच आत जातात. कोविडच्या काळात, 2021 च्या प्रवेशासाठी, 62,000 हून अधिक अर्ज आले आणि जागा भरल्या त्या 23,000 च्या आत. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या एका सत्रात प्री-मेडचा (वैद्यकाच्या पूर्वतयारीचा) नाद सोडणारे विद्यार्थी प्रत्येक नामांकित विद्यापीठात असतात. मेडिकलला पोहोचणाऱ्यांपैकीही निम्म्याहून अधिक जण पदवीनंतर किमान एक वर्ष थांबून, प्रयोगशाळेत किंवा दवाखान्यात काम करून मग आलेले असतात.

पण हमीचे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे लागते. त्यात जीपीए (पदवीतल्या गुणांची सरासरी) अमुक एका पातळीखाली जाता कामा नये असे असते. काही ठिकाणी एमसीएटी माफ, काही ठिकाणी ठरावीक गुण आवश्यक. एखाद्या विषयात ‘सी’ मिळाला तर जागा जाईल, असेही कलम सापडते. सर्वांत महत्त्वाचे कलम मात्र वेगळे असते: विद्यार्थ्याने पुढे दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केला, तर ही जागा टिकते की सुटते? काही कार्यक्रम अशी मुभा देतात, काही अर्ज करताच हक्क काढून घेतात. बरेच कार्यक्रम केवळ नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना खुले असतात. एच-1बी व्हिसावर वर्षानुवर्षे रांगेत असलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांचा पेच तिथेच संपतो, पण तो त्यांच्या मनासारखा नाही.

गेल्या काही वर्षांत तराजूची दोन्ही पारडी हलली आहेत. डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा, स्टेप 1, जानेवारी 2022 पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाला. पूर्वी कमी नावाच्या मेडिकल स्कूलमधला विद्यार्थी या परीक्षेतल्या गुणांच्या जोरावर चुरशीच्या शाखेत रेसिडेन्सी मिळवू शके, तो आधार गेला आणि संस्थेच्या नावाचे वजन वाढले, असे अनेकांचे मत आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने 2018 मध्ये आणि ब्राँक्समधल्या आइन्स्टाइनने 2024 मध्ये सर्व विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क माफ केले. अन्यत्र अर्ज करण्याची मुभा नसलेल्याला या दारांकडे पाहता येत नाही. उलट बाजूला कर्जाचा प्रश्न आहे. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा एकूण खर्च 3 लाख डॉलरच्या पुढे जातो, आणि 2025 च्या कायद्याने जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या कर्जाला वर्षाला 50,000 आणि एकूण 2 लाख डॉलरची मर्यादा घातली आहे. पदवीच्या चार वर्षांसाठी नामांकित खासगी विद्यापीठात किती खर्च करायचा, हा हिशेब त्यामुळे आता पहिल्याच दिवशी मांडावा लागतो. राज्यातल्या कॉलेजाच्या सात वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे पालक वळतात ते बऱ्याचदा या आकड्यांमुळे.

दरम्यान, 1961 मध्ये ही प्रथा सुरू करणाऱ्या नॉर्थवेस्टर्नने काही वर्षांपूर्वी आपल्या अभ्यासक्रमातले नवे प्रवेश बंद केले. तिथे जाऊ इच्छिणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्याला आता इतरांसारखीच आधी पदवी घ्यावी लागते.