जुन्या काळचे कपडे आणि कागदावरचा बेत : थोडी पार्श्वभूमी

अमेरिकन पेपर कटिंगच्या, म्हणजे कपडा कापायच्या कागदी बेतांच्या, तीन जुन्या पाकिटांवर १४ हाच नंबर असतो आणि आतले तीन फ्रॉक तीन वेगळ्या मापांच्या बायकांना होतात. १९४० च्या दशकातला १४ म्हणजे छाती ३२ इंच. १९५६ नंतरचा १४ म्हणजे ३४. १९६८ च्या सुमारास पाकिटांवर ‘न्यू सायझिंग’ असं छापून येऊ लागलं, तेव्हापासूनचा १४ म्हणजे ३६. जुन्या धाटणीचे कपडे घरी शिवायला घेणाऱ्याला पहिली ठेच इथेच लागते. पाकीट घेताना नंबर वाचूच नये. मागच्या बाजूला इंचांत छापलेली छाती, कंबर आणि सीट वाचावी.

नंबर बदलले, खुणा बदलल्या, सूचना वाढल्या. शिवणाऱ्याला किती येतं हे गृहीत धरायचं आणि कागदावर किती सांगायचं, याचा हिशेब प्रत्येक काळात वेगळा होता. जुना बेत हातात घेतल्यावर माणूस बहुतेक वेळा अडतो तो कागदावर न लिहिलेल्या गोष्टीपाशी.

युरोपात कागदी बेत आधी शिंप्यांसाठी निघाले. माद्रिदमध्ये १५८० साली हुआन दे अल्सेगा या शिंप्याचं पुस्तक छापलं गेलं. त्यातल्या आकृत्यांचा भर शिवणीपेक्षा कापड वाचवण्यावर आहे : अमुक पन्ह्याच्या अमुक लांबीत झगा कसा बसवायचा, तुकडे कुठे जोडायचे. कापड महाग आणि शिलाई त्यामानाने स्वस्त, असा तो जमाना होता. त्यामुळे मुळातल्या कपड्यांत आतल्या बाजूला जोडलेले तुकडे सर्रास दिसतात. आज हौसेने शिवणारे कापड कमी पडलं की ओशाळतात, पण काखेखाली किंवा घेराच्या कोपऱ्यात जोड घालणं त्या काळाला धरूनच आहे.

घरातल्या बायका त्या वेळी शिवत ते मुख्यतः आतले कपडे, आणि त्यांना कागद लागतच नसे. अठराव्या शतकातली बायकांची शिफ्ट, म्हणजे अंगाला लागून घालायचा सैल झगा, चौकोन आणि त्रिकोणांतून बेतलेली असते. अंगाचा तुकडा खांद्यावर दुमडलेला, खांद्याला शिवण नाही, दोन्ही बाजूंना कळ्या, बाह्या सरळ चौकोनी आणि काखेत ४ ते ५ इंचांचा चौरस. कापड जवळपास वाया जात नाही. यातली एकच जागा त्रास देते, ती म्हणजे काखेतल्या चौरसाचे कोपरे. दोन शिवणींच्या रेषा जिथे मिळतात त्या बिंदूवरच टीप थांबली पाहिजे. एक टाका पुढे गेला तर तिथे चुणी धरते, एक मागे राहिला तर भोक पडतं आणि हात वर केला की तिथूनच फाटत जातं. आधी चारही कोपऱ्यांवर खडूने ठिपका द्यावा, मायेचं, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जादा, कापड बाजूला धरावं आणि ठिपक्यापाशी हातशिलाईने दोन टाके जागच्या जागी घालून थांबावं.

अंगावर घट्ट बसणारे बाहेरचे कपडे मात्र कारागिराचं काम होतं. पॅरिसमध्ये बायकांचे कपडे शिवणाऱ्या स्त्रियांना १६७५ साली स्वतंत्र संघाची मान्यता मिळाली. अठराव्या शतकात या कारागीर स्त्रिया झग्याचं कापड गिऱ्हाइकाच्या अंगावरच लावून, टाचण्या मारून, चुण्या बसवून बेतत. मापाचा टेप सर्रास वापरात आला तो एकोणिसाव्या शतकात. त्याआधी कागदाच्या पट्टीवर खाचा पाडून माप घेत. म्हणूनच त्या काळच्या झग्याचा पाठीचा भाग कागदावरून कापून क्वचितच नीट बसतो. अस्तर आधी अंगावर बसवून घ्यायचं आणि वरचं कापड त्यावर चढवायचं, हाच क्रम आजही कामी येतो.

चोळीसारख्या घट्ट ‘स्टेज’ना मागे दोरी ओवायची भोकं असत. धातूच्या रिंगा आल्या १८२० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे त्याआधीचा कपडा करायचा तर भोकं हाताने काजासारखी शिवावी लागतात. ती पंचने पाडू नयेत. पंच धागे तोडतो आणि दोरी ताणली की कड उसवत जाते. अरीने, म्हणजे टोकदार दाभणाने, धागे फक्त बाजूला सारायचे, मग कडेने दाट टाके घालायचे. शिवाय त्या काळी एकच दोरी नागमोडी वर चढत जाई. तिच्यासाठी दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर नसून अर्ध्या अंतराने खालीवर असतात. फक्त टोकाची एकेक जोडी समोरासमोर. सगळी समोरासमोर पाडली तर दोरी ओढल्यावर एक बाजू वर सरकते आणि माणूस तिरका दिसतो. दोष मग शिवणीला दिला जातो, तिचा काही संबंध नसताना.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चित्र पालटलं. एलायस हाऊचं शिवणयंत्राचं पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगरचं १८५१ चं, आणि १८५६ पासून सिंगर कंपनी मशीन हप्त्यांवर देऊ लागली. शिवणीचा वेग वाढला तशी घरात बेताची गरज वाढली. अमेरिकेत मादाम डेमोरेस्ट या नावाने निघणारे कागदी बेत १८५० च्या दशकात मिळू लागले होते, पण ते एकाच मापाचे. पुढचं आपलं आपण जमवायचं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी एबेनेझर बटरिक याने १८६३ साली एकाच बेताची क्रमाने वाढत जाणारी मापं काढून विकायला सुरुवात केली, तीही पातळ टिश्यू कागदावर. जाड कागद टपालाने पाठवणं अवघड. टिश्यूची घडी पाकिटात मावते. नंबर नावाची भानगड जन्मली ती या घडीबरोबर.

युरोपातला रस्ता वेगळा होता. बर्लिनच्या ‘डेर बाझार’सारख्या मासिकांबरोबर मोठा कागद येई आणि त्यावर अनेक कपड्यांचे बेत एकमेकांवर छापलेले असत : कुठे तुटक रेघ, कुठे ठिपके, कुठे फुल्या. अमेरिकेत १८६७ साली निघालेल्या ‘हार्पर्स बझार’नेही हीच पद्धत घेतली. अशा कागदावर थेट चक्री, म्हणजे खुणा उमटवायचं दातेरी चाक, फिरवू नये. आधी हव्या त्या भागाची रेघ एका रंगाच्या पेन्सिलीने पूर्ण गिरवावी, मगच दुसऱ्या कागदावर उतरवावी. नाहीतर मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या जागेच्या, वळणावर डोळा शेजारच्या बाहीत शिरतो. या बेतांत बहुधा माया धरलेली नसते. ती विसरून कापलं की कपडा सगळीकडून आक्रसतो आणि दुरुस्तीला जागाच उरत नाही.

पाकिटातल्या टिश्यूवर बराच काळ काहीच छापलेलं नसे. बेताचे खूप कागद एकावर एक ठेवून एकदमच कापायचे आणि भोकं पाडायची. मोठी भोकं, छोटी भोकं, कडेच्या खाचा यांवरूनच उभा धागा कुठला, टक्स (आकारासाठी शिवलेल्या निमुळत्या चुण्या) कुठे, घडीवर काय ठेवायचं ते ओळखायचं. मॅकॉल कंपनीने १९२० च्या सुमारास छापील कागद आणला. बाकीच्या कंपन्या बऱ्याचशा मॅकॉलच्या पेटंटची मुदत संपल्यावर, चाळीस-पन्नासच्या दशकांत त्या वाटेने गेल्या. भोकांचा कागद हाती आला तर आधी सूचनापत्रावरची भोकांची किल्ली पाहावी, कारण कंपनीगणिक अर्थ बदलतो. एका गठ्ठ्यात कापलेल्या कागदांच्या कडा थोड्या सरकलेल्या असतात, म्हणून जोडायच्या दोन शिवणी कागदावरच मोजून घ्याव्यात. मायाही पाहावी : आज पाकिटांत ५/८ इंच ठरलेली असते, जुन्यांत ३/८ किंवा १/२ इंचही सापडते. मूळ कागदाला टाचण्या लावू नयेत. कोमट, कोरड्या इस्त्रीने सपाट करून प्रत काढावी.

कापडाचा हिशेबही जुना असतो. पाकिटावर ‘३६ इंच पन्हा, ४ वार’ असं असेल आणि हाती ५४ इंची कापड असेल, तर क्षेत्रफळाने २ २/३ वार पुरायला हवेत. घेरदार घागऱ्याचे मोठे तुकडे मात्र तसे एकमेकांत बसत नाहीत, म्हणून ३ वारांच्या खाली उतरू नये.

माप वाढवताना नवखे हमखास चुकतात. छाती ३२ ची ३६ करायची म्हणजे ४ इंच, पाव भागाला १ इंच. तो सगळा बगलेच्या शिवणीत घातला की मुंढा रुंद होतो आणि खांदे मात्र अरुंदच राहतात. पाव इंच खांद्याच्या मध्यातून उभा चिरून, पाव मुंढ्याच्या बाजूने आणि उरलेला अर्धा बगलेत अशी वाटणी करावी. मुंढा जेवढा वाढला तेवढी बाहीही वाढवावी लागते.

तीस-चाळीसच्या दशकांतल्या फ्रॉकला पाठीत चेन नसते. गिडियन सुंडबॅकची चेन १९१३ ची असली तरी बायकांच्या फ्रॉकमध्ये ती रुळली तीसच्या दशकाच्या मध्यानंतर. तोवर आणि नंतरही डाव्या बगलेत ८-१० इंचांची फट, तिला टिचबटणं आणि हूक. ही कटकट नको म्हणून फट गाळली तर फ्रॉक खांद्यांवरून उतरत नाही. बगलेची शिवण कमरेपाशी वळते, म्हणून तिथे चेन लावली की लाटा पडतात. आधी दोन्ही कडांना उभ्या धाग्याची अरुंद पट्टी हाताने टाचून घ्यावी.

दुसऱ्या महायुद्धाचे ठसे तर कापडावर मोजता येतात. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपडे कुपनांवर मिळू लागले, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं, आणि लोकरी फ्रॉकलाच ११ जात. १९४९ पर्यंत हे चाललं. अमेरिकेत कापड वाचवण्यासाठी काढलेल्या १९४२ च्या एल-८५ या सरकारी आदेशाने घेराखालची दुमड २ इंचांवर आणली. मग १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसचा फॅशनकार दिओर याचा भरघोस घेर आला. त्या घेराला खालून ताठ परकराचा आधार लागतो, त्याचा बेत पाकिटात नसतो.

साठच्या दशकापासून जुने कपडे शिवणं हा वेगळा छंद म्हणून उभा राहिला. अमेरिकन यादवी युद्धाच्या शताब्दीनिमित्त १९६१ ते १९६५ मध्ये लढायांचे प्रसंग पुन्हा उभे केले गेले, १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत मध्ययुगाची हौस असणाऱ्यांची ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ सुरू झाली, आणि या सगळ्यांना कपडे हवे होते. त्याच सुमारास, १९६४ पासून, इंग्लंडच्या पोशाख-अभ्यासक जॅनेट अर्नोल्ड यांनी संग्रहालयांतले मूळ कपडे मोजून काढलेल्या आकृत्या छापून येऊ लागल्या. प्रमाण एक अष्टमांश, १/८ इंच म्हणजे १ इंच. आठपट मोठं करताना चूकही आठपट होते : अर्ध्या मिलिमीटरची रेघ ४ मिलिमीटर जाड होते. म्हणून माया रेघेच्या कुठल्या कडेपासून मोजायची ते एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावं. शिवाय ती आकृती कुणा एकीच्या अंगाची आहे, आतल्या चोळीने बांधलेल्या अंगाची.

यामुळेच शिवण्याचा क्रम आतून बाहेर असा ठरतो. आधी शिफ्ट, मग स्टेज किंवा कॉर्सेट, मग परकर, आणि ते सगळं अंगावर असताना घेतलेल्या मापांवर वरचा झगा. स्वस्त सुती कापडावरची कच्ची शिलाईही त्याच आतल्या कपड्यांवर घालून पाहावी. पन्नासच्या दशकातल्या फ्रॉकलाही हे लागू आहे. त्याचे छातीचे टक्स त्या वेळच्या टोकदार ब्रेसियरच्या उंचीवर संपतात. आजच्या मऊ ब्रावर ते रिकामे पडतात आणि टोकाशी पोकळ फुगा धरतात. अशा वेळी टक्सचं टोक अर्धा ते पाऊण इंच खाली आणून पुन्हा टाचून पाहावं, आणि अंगावर बसल्यावरच मशीनची टीप मारावी.