डूडल आणि झेंटँगल: फरक कागदावर शोधू नका

फोनवर कुणाशी तरी लांबलचक बोलणं चाललेलं असतं. समोर पाठकोरा कागद, हातात पेन. बोलणं संपतं तेव्हा कागदावर चौकोनात चौकोन झालेले असतात, कडेनं एक वेल वर चढलेली असते, आणि ज्याच्याबद्दल बोलणं झालं त्याचं नाव चारदा गिरवून ठसठशीत झालेलं असतं. हे सगळं आपण कधी काढलं, ते आठवत नाही.

आता दुसरं टेबल. साडेतीन इंचांचा चौकोनी जाड कागद. कुणीतरी एक अर्धगोल काढतंय, तो सावकाश काळा भरतंय, त्याच्या कडेकडेनं एक रेघ, त्या रेघेच्या कडेनं आणखी एक. पाऊण तास झालाय. फोन दुसऱ्या खोलीत आहे.

दोन्ही कागद शेजारी ठेवले तर बघणारा म्हणेल, एकच तर आहे. काळ्या शाईच्या रेघा, पुन्हा पुन्हा तेच आकार, ना चेहरा ना देखावा. पण पहिलं आहे डूडल, आपल्या साध्या शब्दांत गिरगोट्या. दुसरं आहे झेंटँगल. ही दोन नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. नाव चुकलं म्हणून काही बिघडत नाही, पण त्यातून अपेक्षा चुकते. टीव्ही बघता बघता 'झेंटँगल' काढायला बसलेली आणि 'मला तर काही शांत वाटलं नाही' म्हणत उठलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी जे केलं ते डूडल होतं, आणि त्यांना हवं होतं ते दुसरंच काही.

मी दोन्ही करते आणि मला दोन्ही प्रिय आहेत. माझ्या मते खरा फरक एकाच जागी आहे: पेन चालू असताना लक्ष कुठे असतं. डूडल हा हाताचा चाळा. मन दुसरीकडे गुंतलेलं असताना हात आपलं आपण काहीतरी करत राहतो. झेंटँगलमध्ये मन पेनाच्या टोकाशी येऊन बसतं. बाकीचे सगळे फरक, म्हणजे कागद, पेन, नियम, आकारांची नावं, याच एका फरकातून निघालेले आहेत.

डूडलचं आधी, कारण ते थोडक्यात होईल. इंग्रजीत 'डूडल' हा शब्द सतराव्या शतकात भोळसट, बावळट माणसासाठी वापरत. आजचा अर्थ लोकांच्या तोंडी बसला तो १९३६ च्या एका हॉलिवूड चित्रपटातल्या कोर्टाच्या दृश्यामुळे. त्यात नायक समजावून सांगतो की विचार करत असताना माणसं कागदावर काहीतरी वेडंवाकडं काढत बसतात, आणि त्यांना डूडलर म्हणतात. म्हणजे दुसरीकडे लागलेलं मन हे या शब्दाच्या अर्थातच आहे.

आणि या चाळ्याचा उपयोगही आहे. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना अडीच मिनिटांचा एक रटाळ फोन-निरोप ऐकवला. पार्टीला कोण येणार, कोण नाही, असली माहिती. निम्म्या लोकांना ऐकता ऐकता कागदावरचे छापील चौकोन आणि गोल पेन्सिलीनं भरायला सांगितले होते. नंतर अचानक विचारलं, काय काय आठवतंय? आकार भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. हा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून 'गिरगोट्यांनी स्मरणशक्ती वाढते' अशा थाटात सांगितला जातो. तो तसं म्हणत नाही. एक तर ते लोक मनानं काही काढत नव्हते, दिलेले आकार भरत होते. दुसरं, अँड्रेड यांनी सुचवलेलं कारण फार साधं आहे: हाताला जेमतेम काम मिळालं की मन दिवास्वप्नांकडे घसरत नाही, म्हणून कान उघडे राहतात. जेमतेम हा शब्द महत्त्वाचा. हाताचं काम थोडं जरी अवघड झालं, तरी ऐकणं सुटतं.

झेंटँगल अवघड नाही, पण ते जेमतेमही नाही.

त्याचा जन्म अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. मारिया थॉमस या सुलेखनकार. एकदा त्या एका मोठ्या अक्षराच्या मागची मोकळी जागा बारीक नक्षीनं भरत होत्या. त्यांचे साथीदार रिक रॉबर्ट्स यांनी मध्येच त्यांना हाक मारली. मारियांनी सांगितलं की नक्षी भरताना वेळेचं भान राहत नाही, काळजी उरत नाही, फक्त समोरची रेघ असते. रिक यांनी आयुष्याची काही वर्षं संन्याशासारखी काढलेली होती. ते म्हणाले, तू ध्यानाचं वर्णन करते आहेस. मग दोघांनी मिळून असा विचार केला की ही अवस्था, चित्रकला न येणाऱ्या माणसालाही गाठता येईल अशी पद्धत बसवायची. झेन, म्हणजे ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ, आणि टँगल, म्हणजे गुंता, हे दोन शब्द जोडून नाव ठेवलं. हे नाव त्यांच्या कंपनीचं नोंदणीकृत नाव आहे, त्यामुळे कुठल्याही काळ्या-पांढऱ्या नक्षीला झेंटँगल म्हणणं त्या अर्थानंही बरोबर नाही.

पद्धत आठ पायऱ्यांची आहे. सुरुवातीला पेन-कागद हातात घेऊन क्षणभर थांबायचं, मिळालेल्या वेळेबद्दल मनात कृतज्ञता आणायची. मग पेन्सिलीनं चार कोपऱ्यांत चार ठिपके. ठिपके जोडून चौकट, सरळच हवी असं काही नाही. चौकटीत एक सैलसर वळणदार रेघ सोडायची, तिला स्ट्रिंग म्हणतात. तिच्यामुळे कागदाचे दोन-चार भाग पडतात. मग पेन उचलून एकेका भागात एकेक नक्षी भरायची. ही नक्षी म्हणजे टँगल. नंतर पेन्सिलीनं छाया, मग आपली आद्याक्षरं, आणि शेवटी कागद हात लांब करून धरायचा आणि बघायचा.

मला यात सगळ्यात हुशारीचे वाटतात ते पहिले चार ठिपके. कोऱ्या कागदाची धास्ती चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. इथे काही ठरवायच्या आतच कागद कोरा राहत नाही.

ठरवायचं काम कमी करणं हा या सगळ्या नियमांचा गाभा आहे. कागद लहान आणि चौकोनी, म्हणून वर-खाली नाही. फिरवावा तसा फिरवायचा. रंग नाही. खोडरबर नाही. काय होणार याचा आराखडा नाही. सगळे टँगल पाच गोष्टींतूनच बनतात: ठिपका, सरळ रेघ, इंग्रजी सी सारखं वळण, एस सारखं वळण आणि गोल. हे पाचही ज्याला पेन धरता येतं त्याला येतात. मग राहतं काय? फक्त पुढची रेघ.

हे कसं चालतं ते एका टँगलवर दाखवते. त्याचं नाव पॅराडॉक्स, ते रिक रॉबर्ट्स यांचं आहे. एक त्रिकोण घ्या. एका कोपऱ्यापासून निघून दुसऱ्या कोपऱ्याच्या दिशेनं सरळ रेघ ओढा, पण कोपऱ्याला न लागता, समोरच्या बाजूला किंचित अलीकडे टेकवा. आता तिथून तिसऱ्या कोपऱ्याकडे, पुन्हा किंचित अलीकडे. मग तिथून पहिल्याकडे. दिशा तीच ठेवायची आणि आत आत जात राहायचं. दहा-बारा रेघा झाल्या की त्रिकोण पिळल्यासारखा दिसू लागतो. प्रत्येक रेघ सरळ आहे, तरी डोळ्याला वळण दिसतं. असे चार त्रिकोण एकमेकांना लावून काढले, तर शंखासारखी, पाकळ्यांसारखी वळणं तयार होतात, जी आपण काढलेलीच नाहीत. मला अजूनही दर वेळी याचं नवल वाटतं.

आता हाच पॅराडॉक्स फोनवर बोलत बोलत काढून बघा. पाचव्या-सहाव्या रेघेला दिशा उलटी होईल, किंवा एक बाजू सुटेल. आकृती लगेच चुगली करते. उलट डूडलमधली वेल बोलता बोलता कितीही वाढवा, तिला काही होत नाही. तिला लक्षाची गरजच नाही.

सगळे टँगल इतके काटेकोर नसतात. क्रेसेंट मून मध्ये कडेला टेकलेले काळे अर्धगोल असतात, त्यांच्याभोवती एकामागून एक रेघा. एखाद्या आकाराभोवती त्याच्याच वळणानं काढलेल्या अशा रेघेला ऑरा म्हणतात. पहिली ऑरा थरथरली तर दुसरी त्याच थरथरीवरून जाते, तिसरी दुसरीवरून, आणि थोड्या वेळानं ती थरथर मुद्दाम केलेल्या लाटेसारखी दिसते. खोडरबर का नाही, याचं उत्तर मला पुस्तकी स्पष्टीकरणातून कधी पटलं नव्हतं. या रेघांतून पटलं. खोडायचं असतं तर मी त्या पहिल्या थरथरीपाशीच अडकून राहिले असते.

साहित्याचं बघू. डूडलला काहीही चालतं, आणि चाललंच पाहिजे, कारण ते ठरवून होत नाही. झेंटँगलसाठी मूळ पद्धतीत सुती लगद्याचा इटालियन कागद आणि पिग्मा मायक्रॉन ०१ हे जपानी पेन वापरतात. ०१ म्हणजे सुमारे ०.२५ मिलिमीटरची रेघ. शाई रंगकणांची असते, ती वाळली की पाण्यानं पसरत नाही आणि सहसा उडत नाही. तेच पेन हवं असं मी म्हणणार नाही, पण बारीक टोक जरूर घ्या. बॉलपेनला दाब द्यावा लागतो, दाबानं बोटं आवळतात, बोटांमागे खांदा ताठतो. बारीक फेल्ट टोकाला दाब सोसत नाही, ते चपटं होतं. म्हणून हात आपोआप हलका पडतो, आणि बारीक रेघ नीट यायला वेग कमी करावाच लागतो.

शांत वाटतं हे खरं का? थेट झेंटँगलबद्दल मी फार मोठा दावा करणार नाही. जवळचा एक पुरावा मला बोलका वाटतो. २००५ मध्ये अमेरिकेत करी आणि कॅसर या संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांच्या मनात आधी थोडी चिंता जागवली, मग काहींना मंडल, म्हणजे मध्याभोवती रचलेली गोल नक्षी, रंगवायला दिलं, काहींना चौकड्यांची नक्षी, आणि काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकड्या रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. म्हणजे आखीव काहीतरी समोर असलं की बरं वाटतं. पण डूडलला कमी लेखू नका. २०१७ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांच्या गटानं २६ जणांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा रंगवणं, डूडल आणि मुक्त चित्र या तिन्ही वेळी मेंदूच्या पुढच्या भागात, आनंद मिळाल्यावर जो जागा होतो त्यात, प्रवाह वाढला. डूडलच्या वेळी सर्वांत जास्त होता, जरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस ठरला नाही.

तेव्हा कधी काय? ऐकायचं असेल तर डूडल. लांबलेली मीटिंग, व्याख्यान, रांगेत धरून ठेवलेला कॉल. तिथे टँगल काढू नका, मीटिंग हातची जाईल. दिवसभराचं डोक्यात घुमत असेल आणि काही ऐकायचं नसेल, तर झेंटँगल. त्या वेळी पॉडकास्टही नको असं माझं ठाम मत आहे. शब्द आले की मन त्यांच्या मागे जातं आणि हात चाळ्यावर येतो.

आणखी दोन गोष्टी या गोंधळात मिसळतात. मंडल मध्यापासून बाहेर, बरोबर भाग पाडून काढतात. त्यात सममिती सांभाळायची असते. गोल कागदावरच्या झेंटँगलला झेंडाला म्हणतात, पण तिथे सममितीची सक्ती नाही. दुसरी, 'डूडल आर्ट' म्हणून दिसणारी पानभर चित्रं, गच्च भरलेले चेहरे, ढग, मांजरी. ती बहुतेक वेळा पेन्सिलीनं आखून, विचार करून काढलेली असतात. ते उत्तम रेखाटन आहे, पण ते डूडलही नाही आणि झेंटँगलही नाही.

सीमारेषा पुसट होते हे खरंच. माझ्याकडे एक चौकोन आहे, अर्धा क्रेसेंट मूननं भरलेला. मध्येच फोन आला आणि मी पेन खाली न ठेवता बोलत राहिले. डाव्या बाजूच्या ऑरा एकमेकींपासून सारख्या अंतरावर आहेत. मग एका जागी त्या दाट होतात, घाईनं वळतात, दोन रेघा एकमेकींत शिरतात, आणि कोपऱ्यात, जिथे अर्धगोल हवा होता, तिथे एक वेल वर चढली आहे.