गच्चीवरचा टब आणि बापाचा प्रश्न

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या गच्चीवर एक जुना टब रिकामा पडला होता. त्यात बोअरचे पाणी भरले, थोडी हायड्रिला ही पाणवनस्पती टाकली आणि लाल प्लॅटी माशाची एकच मादी सोडली. दुकानदार म्हणाला होता, "जोडी न्या की, एकटी काय करणार?" तिने महिन्याभरात वीसेक पिल्ले दिली. दुकानातूनच गाभण आली असेल, म्हणून मी पिल्ले दुसऱ्या टबात काढली. पुढच्या महिन्यात पुन्हा पिल्ले. त्याच्या पुढच्याही. नर तर शेजारच्या टबातसुद्धा वयात आलेला नव्हता!

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे सगळे अंडी न घालता पोहती पिल्ले देणारे मासे. नराच्या पोटाखालचा पर वयात येताना निमुळता होतो. त्याला गोनोपोडियम म्हणतात. त्यातून मिळालेले शुक्राणू मादी अंडाशयातच महिनोन्महिने जपून ठेवते आणि खेप-खेप वापरते. अनेक नरांशी संग झालेला असेल, तर एकाच खेपेतल्या भावंडांचे बाप वेगवेगळे निघतात.

संकर करू पाहणाऱ्याची पंचाईत होते ती इथेच. दुकानातली मोठी मादी आणून तिला आपल्या पसंतीचा नर दिला, तरी पिल्ले कोणाची हे सांगता येत नाही. मादी कोरी हवी, म्हणजे लहानपणापासून नरांपासून वेगळी वाढवलेली. मी रविवारी सकाळी काचेच्या वाटीत एकेक पिल्लू घेऊन भिंगातून तोच पर बघत बसायचो: पंख्यासारखा पसरलेला असेल तर मादी, टोकाकडे निमुळता होऊ लागला असेल तर नर. तीन-चार आठवड्यांपासूनच ही तपासणी सुरू करावी लागते. स्वोर्डटेल मात्र हमखास फसवतात. त्यांचे काही नर इतके उशिरा वयात येतात की महिनोन्महिने मादी वाटलेल्या माशाच्या शेपटीला अचानक नराची तलवार फुटते आणि हौशी मंडळी 'माझ्या मादीचा नर झाला' म्हणून सांगत सुटतात.

प्लॅटी आणि स्वोर्डटेल दोन्ही झिफोफोरस या एकाच प्रजातीगटातले, त्यामुळे त्यांचा संकर सहज होतो आणि संकरित पिल्लांनाही पुढे पिल्ले होतात. दुकानात मिळणारे बहुतेक प्लॅटी-स्वोर्डटेल असेच पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेले असतात. शुद्ध जातीचा आग्रह धरणाऱ्याने दुकानातली पाटी वाचून समाधान मानू नये.

पण या संकरात एक भयंकर गोष्ट दडलेली आहे. काही प्लॅटींच्या पाठीवरच्या परावर काळे ठिपके असतात. अशा प्लॅटीची स्वोर्डटेलशी जोडी लावली की पिल्लांचे ठिपके मोठे, गडद होतात. ती पिल्ले पुन्हा स्वोर्डटेलशी जुळवली, तर साधारण चौथा हिस्सा पिल्लांना त्वचेचा जीवघेणा कर्करोग, मेलॅनोमा, होतो. अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कॉसविग या संशोधकांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस हे स्वतंत्रपणे दाखवले. प्लॅटीकडे कर्करोग घडवू शकणारे एक जनुक असते आणि त्याला लगाम घालणारे दुसरे, वेगळ्या गुणसूत्रावर. स्वोर्डटेलकडे दोन्ही नाहीत. दोनदा संकर केल्यावर काही पिल्लांना जनुक मिळते, लगाम मिळत नाही. हिशेब अगदी मेंडेलचा: जनुक निम्म्यांना, त्यातल्या निम्म्यांना लगाम नाही. एक्सएमआरके नावाचे हे जनुक 1989 मध्ये सापडले आणि कर्करोगाच्या अभ्यासात हे छोटे मासे अजूनही वापरले जातात.

संकराचा याहून अजब नमुना म्हणजे मेक्सिको-टेक्सासकडची ॲमेझॉन मॉली. दोन जातींच्या मॉलींच्या संकरातून जन्मलेली ही जात जवळजवळ निव्वळ माद्यांची. पिल्ले होण्यासाठी तिला जवळच्या जातीचा नर लागतो, पण त्याचा शुक्राणू फक्त अंड्याला चालना देतो. सहसा त्याचे जनुक पिल्लात उतरतच नाहीत. मुली हुबेहूब आईच्या प्रती. 1932 मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा असा पाठीचा कणा असलेला प्राणी कोणाच्याच माहितीत नव्हता.

डिसेंबरात नाशिकची थंडी गच्चीवर उतरली तसे मी टब घरात आणले, हीटर लावला. माझ्या संकरित पिल्लांपैकी एकीच्या परावर आता तीन ठळक काळे ठिपके दिसतात. तिला स्वोर्डटेल नर दाखवायचा नाही, हे ठरले आहे. जास्तीची पिल्ले ओळखीतल्यांना देतो. गोदावरीत एकही सोडत नाही. सध्या ती ठिपकेवाली काचेला नाक लावून माझ्याकडे बघत असते, बहुधा खाण्यासाठी.