शेततळ्यातला शिंपला आणि भर समुद्रातलं कालव

सांगोला, मोहोळ, अक्कलकोट, कुठल्याही तालुक्यात जा, शेततळेवाल्यांच्या मोबाइलवर एका ठरावीक धाटणीचा व्हिडिओ सापडतोच. आधी परदेशातली बोट, विंचने दोर ओढून कालवांनी, म्हणजे समुद्रातल्या ऑयस्टरनी, भरलेल्या टोपल्या वर काढताहेत. पुढच्या क्षणी कुणाच्या तरी तळहातावर टपोरे मोती. लगेच प्लास्टिक अंथरलेलं शेततळं, अगदी आपल्या बांधावरचं वाटावं असं. आणि खाली ठळक अक्षरांत: खाद्याचा खर्च शून्य. मग फोन येतो, "अण्णा, तळ्यात मीठ टाकलं तर कालवं होतील का ओ?"

नाही होणार. का नाही, हे फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गोड्या पाण्यातल्या मोतीपालनाबद्दल तुम्हाला नव्यानं सांगायला नको. नदीतले शिंपले आणायचे, दोन-तीन दिवस स्थिरावू द्यायचे, झडपा जराशा उघडून आत मणी नाहीतर गणपतीचा साचा बसवायचा, दहा दिवस जपायचं आणि जाळीच्या पिशवीत घालून मीटरभर खोल टांगायचं. बारा ते अठरा महिने थांबायचं. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथल्या 'सीफा' या केंद्रीय संस्थेनं हे तंत्र बसवलेलं आहे आणि त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती मोती कोण घेणार, या मुद्द्यावर. त्याबद्दल शेवटी.

त्या व्हिडिओत तीन वेगळे जीव एकाच भांड्यात ढवळलेले असतात. टोपलीतलं कालव खाण्यासाठी असतं. त्याच्या शिंपीला आतून मोत्याची चकाकी नसतेच, त्यामुळे चुकून आत खडा तयार झाला तरी तो निस्तेज चुन्याचा गोळा असतो, सराफ त्याला हातही लावणार नाही. समुद्री मोती ज्याच्यात होतो ते कालव वेगळ्या कुळातलं. आपल्या देशात त्यात मोती पिकवण्याचं तंत्र तुतिकोरीनला 1973 मध्ये साधलं. आणि तिसरा आपला नदीतला शिंपला. खाण्याचं कालव उघडलं की मोती निघतो, असं अजूनही शिकलेली माणसं सांगतात तेव्हा माझा संयम सुटतो.

बाकीचे फरक भराभर. शिंपल्याला मांसल पाय असतो, तो चिखलात सरकतो. कालव लहानपणीच एकदा खडकाला किंवा जुन्या शिंपीला चिकटलं की जन्मभर तिथंच. शिंपल्याचं पिल्लू काही काळ माशाच्या कल्ल्यांना नाहीतर परांना चिकटून वाढतं, कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात आपलं आपण तरंगत राहतं. वाचायला गमतीचं आहे, पण यामुळे कुणाचं दिवाळं निघत नाही.

मिठाचंही तसंच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. वीस मीटर लांब, वीस रुंद आणि तीन खोल तळं घ्या, कडांचा उतार सोडून द्या. ढोबळ बारा लाख लिटर पाणी झालं. म्हणजे 42 टन मीठ. तेही बाजारातलं मीठ चालणार नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरंच काही असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाणी उडून जातं आणि मीठ खालीच राहतं, म्हणजे तळं दिवसेंदिवस जास्त खारं. आणि प्लास्टिक फाटलं तर शेजारची द्राक्षबाग संपली. तरी समजा, एखाद्या हौशी मालकानं पैसे ओतून हे सगळं जमवलं. कालवं तरीही जगणार नाहीत. खरी गोम मिठात नाही, खाद्यात आहे, आणि तिथंच सगळे घसरतात.

मासे पाळणाऱ्याच्या कानाला 'खाद्याचा खर्च शून्य' हे शब्द फार गोड लागतात. साहजिक आहे, गोळीखाद्य घालून मासे वाढवणाऱ्याचा निम्म्याहून जास्त पैसा पोत्यांतच जातो. समुद्रातल्या कालवाला पोतं लागत नाही, हे शंभर टक्के खरं. पण ते उपाशी राहत नाही. पाणी आत ओढतं, त्यातलं डोळ्यांना न दिसणारं शैवाल कल्ल्यांवर गाळून घेतं आणि पाणी बाहेर सोडतं. मोठं कालव तासाला चार-पाच लिटर पाणी सहज गाळतं. बारीकसा जीव, पण खादाड. धनगराची मेंढरं कुरण शोधत फिरतात. इथं मेंढरं दावणीला बांधलेली आणि कुरणच त्यांच्या तोंडापुढून वाहत जातं. भरती-ओहोटीचा नाहीतर समुद्रातला प्रवाह रात्रंदिवस नवं पाणी आणतो, जुनं नेतो. खाद्य फुकट मिळतं ते या वाहण्यामुळे.

आता तेच कालव आपल्या त्या तळ्यात टांगून बघा. दहा हजार कालवं धरू. समुद्रातल्या धंद्यात हा आकडा किरकोळ आहे. प्रत्येकी तासाला पाच लिटर म्हणजे तासाला पन्नास हजार लिटर. बारा लाख लिटरचं तळं चोवीस तासांत एकदा पुरतं गाळून झालं. दुसऱ्या दिवशी तेच पाणी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शैवाल इतक्या वेगानं वाढत नाही. पाणी काचेसारखं नितळ होईल, मालक खूश होऊन फोटो काढेल आणि खाली कालवं रोडावत जातील. नितळ पाणी दिसलं की आपल्याला बरं वाटतं, कालवासाठी ते रिकामं ताट आहे. वर त्यांची विष्ठा तळाशी साचणार, अमोनिया वाढणार. समुद्रात ही घाण प्रवाह घेऊन जातो. इथं कोण नेणार?

लगेच पुढचा प्रश्न ठरलेला. शिंपलाही पाणी गाळूनच खातो, मग तो तळ्यात कसा जगतो? प्रश्न रास्त आहे. शिंपला जगतो कारण तुम्ही त्याला खाऊ घालता, फक्त ते खाद्याच्या खात्यात लिहीत नाही. शेणाची स्लरी आणि सुपर फॉस्फेट टाकून पाणी हिरवं करता ना? कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसतो की नाही हे बघता ना? तळवा धूसर झाला म्हणजे शैवाल धरलं. ते शिंपल्याचं खाद्य. दुसरं म्हणजे संख्या. मोतीपालनात हेक्टरी वीस ते तीस हजार शिंपले सांगतात, म्हणजे आपल्या वीस बाय वीसच्या तळ्यात आठशे ते बाराशे. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. तुम्ही शिंपल्याचं मांस विकत नाही. तो जिवंत राहून मण्यावर थर चढवत राहिला की तुमचं काम झालं, गुबगुबीत झाला नाही तरी चालतं. कालवाचं उलट. त्याला दर आतल्या भरलेल्या मांसाचा मिळतो. शिंप मोठी आणि आत पाणचट गर असेल तर हॉटेलवाला माल परत पाठवतो.

'उजनीत करू, तिथं तर 117 टीएमसी पाणी आहे', असंही ऐकून झालंय. उजनी मोठी आहे हो, पण गोडी आहे. विषय संपला.

आता भर समुद्राबद्दल, कारण तिथंही एक घोळ आहे. आपल्याकडे कालवपालन बहुतेक खाडीत चालतं. केरळात अष्टमुडीच्या खाडीत उथळ पाण्यात बांबूचे मांडव करून दोरांवर कालवं टांगतात, सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी हे केलं आहे. व्हिडिओतली बोट मात्र उघड्या समुद्रातली असते. तिथं दोन टोकांना नांगरलेला जाड दोर बोयांच्या, म्हणजे तरंगत्या पिंपांच्या, आधारानं लाटांच्या माऱ्याखाली काही मीटर बुडवून ठेवतात आणि त्याला टोपल्या किंवा कंदिलासारख्या जाळ्या लटकवतात. फायदा उघड आहे. प्रवाह भरपूर, गावाचं सांडपाणी लांब. कालव गाळून खातं आणि अनेक ठिकाणी कच्चंच खाल्लं जातं, त्यामुळे पाण्यात मैला असेल तर तो थेट खाणाऱ्याच्या पोटात. स्वच्छ पाण्यात दीड-दोन दिवस ठेवून जंतू बरेच कमी होतात. विषारी शैवालाचं विष मात्र त्यानं जात नाही, अशा वेळी काढणीच थांबवावी लागते.

तोटा लोकांच्या लक्षात येत नाही. खाडीतलं कालव ओहोटीला उघडं पडतं तेव्हा झडप घट्ट मिटून बसतं. रोजच्या या सवयीनं त्याचा झडप मिटणारा स्नायू दणकट होतो आणि काढल्यावर पेटीत ते जास्त दिवस टिकतं. अंगावर चढलेले शेवाळ-किडेही उन्हात वाळून मरतात. भर समुद्रातलं कालव चोवीस तास पाण्यात असतं. वाढतं झपाट्यानं, पण झडप लवकर सैल सोडतं, आणि टोपल्यांवर इतकी भर चढते की बोटीवर घेऊन घासत बसावं लागतं. फ्रान्समधले पालक विक्रीआधी कालवं किनाऱ्यावर वरच्या भागात आणून ठेवतात, ती मिटून बसायला शिकावीत म्हणून. खर्चाचा मोठा भाग बोट, इंधन आणि मजुरीत जातो तो यामुळे. खाद्य शून्य असलं तरी डिझेल शून्य नसतं.

मला विचाराल तर कोकणात खाडीच बरी. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं आणि कालव झडप मिटून उपाशी बसतं, ते फार लांबलं तर मरतं, हे खरं. पण त्याच महिन्यांत बाहेरचा समुद्र बोट घालण्याजोगाही नसतो. शिवाय तुमचं तळं तुमच्या सातबाऱ्यावर आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्य सरकारच्या अखत्यारीत येते, तिथं परवानगीशिवाय एक बोया टाकता येत नाही.

मालवणात पाहुणे असतील आणि खरंच भागीदारी करायची असेल तर तीन गोष्टी विचारा: जुलैत खाडीचं पाणी किती गोडं होतं, वरच्या अंगाला कोणतं गटार मिळतं, आणि काढलेला माल दुसऱ्या दिवशी कोण उचलतो. तळ्यात शिंपलेच टाकायचे असतील तर पहिल्या वर्षी शंभर-दोनशेच टाका, खाली कटला-रोहू सोडा. आणि 'मोती आम्हीच विकत घेऊ' म्हणणाऱ्याकडून दर आणि प्रत कागदावर, सही-शिक्क्यासह, पैसे भरायच्या आधी घ्या. देत नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.