१७ नंबरची लाइन ५२९ कशी झाली

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावर रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवणारा जुना सी प्रोग्रॅम नव्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्यावर नेला, की १७ नंबरची लाइन उघडतानाच ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ येतं आणि काम थांबतं. रावेर-यावलकडे केळीच्या ठिबकचे व्हॉल्व्ह, बोअरचा स्टार्टर किंवा टाकीची पातळी यांसाठी असे बोर्ड लावणाऱ्यांना हे हमखास भेटतं. ६.६ कर्नलपासून या बोर्डांवर जीपीआयओची, म्हणजे प्रोग्रॅमने चालू-बंद करता येणाऱ्या या लाइनींची, सरसकट (सगळ्या चिपची मिळून एकच) मोजणी ५१२ पासून सुरू होते, म्हणून १७ ची ५२९ झाली. बोर्ड तोच, वायरही तीच.

कर्नलला हात न लावता सीमधून हार्डवेअर चालवण्याची आपल्याकडची पहिली ओळख प्रिंटरच्या पॅरलल पोर्टची. रूट होऊन आयओपर्मने परवानगी घ्यायची, हेक्स ३७८ या पत्त्यावर आउटबीने एक बाइट टाकायचा, पुढे यूएलएन२००३ ही ड्रायव्हर चिप आणि रिले. फायनल इयरचे कितीतरी प्रोजेक्ट एवढ्यावर उभे राहिले. नंतर तो पोर्टच कॉम्प्युटरवरून गेला.

२०१२ साली रास्पबेरी पाय आला आणि तीच सवय डेव्ह-मेमकडे, म्हणजे मेमरीच फाइलसारखी उघडून देणाऱ्या वाटेकडे वळली: फाइल उघडा, एममॅप करा, व्होलाटाइल पॉइंटरने रजिस्टरमध्ये लिहा. वेग उत्तम, पण पत्ता प्रोग्रॅममध्येच कोरलेला. पहिल्या पायवर जीपीआयओचा पत्ता हेक्स २०२००००० होता, पाय २ वर ३एफ२०००००, पाय ४ वर एफई२०००००. २०२३ च्या पाय ५ वर तर जीपीआयओ मुख्य चिपमधून निघून पीसीआय एक्स्प्रेसपलीकडच्या वेगळ्या चिपवर गेला आणि पत्ता बदलूनही भागेना. २००७ मध्ये २.६.२३ कर्नलसोबत यूआयओ, म्हणजे ड्रायव्हर आपल्या प्रोग्रॅममध्येच लिहिण्याची सोय, आलं होतं. त्यात इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) ओळखण्यापुरता छोटा भाग कर्नलमध्ये राहतो, बाकी सगळं आपल्या प्रोग्रॅममध्ये, आणि रीड केलं की पुढचा इंटरप्ट येईपर्यंत प्रोग्रॅम थांबतो. २०१२ चं व्हीएफआयओ हे डीएमए (मेमरीशी थेट देवाणघेवाण) करणाऱ्या मोठ्या कार्डांसाठी. शेतातल्या बोर्डाला या दोन्हींची गरज सहसा पडत नाही.

खरा वाद जीपीआयओचा. २००८ मध्ये २.६.२७ कर्नलमध्ये सिसएफएसची, म्हणजे साध्या फाइलींत लिहून हार्डवेअर चालवण्याची, वाट आली. एक्स्पोर्ट नावाच्या फाइलमध्ये नंबर लिहायचा, डायरेक्शनमध्ये ‘आउट’, व्हॅल्यूमध्ये १ किंवा ०. सीमध्ये ओपन, राइट, क्लोज एवढंच. शिकवायला याहून सोपं काही नव्हतं आणि म्हणूनच ते इतकं पसरलं.

पण लाइन कोणाच्या ताब्यात आहे, हे त्यात कुठेच ठरत नव्हतं. दोन प्रोग्रॅम एकाच लाइनवर लिहू शकत. व्हॉल्व्ह उघडा असताना प्रोग्रॅम मेला, तर लाइन शेवटच्या स्थितीत तशीच राही. रात्रीच्या थ्री फेजवर मोटर चालू आणि सालदार झोपलेला असेल, तर सकाळी वाफ्यात पाणीच पाणी. दुसरी खोच ‘आउट’ लिहिण्यात होती. ते लिहिताच लाइन आधी ० होते आणि बाजारात मिळणारे बरेचसे रिले बोर्ड ० वरच ओढतात (चालू होतात). म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताच स्टार्टरला क्षणभर झटका. ‘आउट’ऐवजी ‘हाय’ लिहिलं की हे टळतं. डॉक्युमेंटेशनमध्ये ते पहिल्यापासून आहे, लॅबच्या मॅन्युअलमध्ये मात्र क्वचितच दिसतं.

२०१६ मध्ये ४.८ कर्नलसोबत सिसएफएसची वाट कालबाह्य ठरवली गेली आणि गिपिओचिप नावाची कॅरेक्टर डिव्हाइस आली. आता आयओसीटीएल या सिस्टिम कॉलने कर्नलकडे लाइन मागायची. दुसऱ्याने मागितली तर त्याला ‘बिझी’ मिळतं. सुरुवातीची किंमत मागणीतच देता येते. प्रत्येक पल्सला वेळेचा शिक्का लागतो आणि ते रांगेत साठतात, त्यामुळे पाण्याच्या मीटरचे पल्स मोजताना हुकण्याची शक्यता खूपच कमी होते. प्रोग्रॅम संपला की लाइन सुटते.

आक्षेप नेमका याच शेवटच्या गोष्टीवर आला. सुटलेली लाइन कोणत्या स्थितीत राहील याची हमी नाही, म्हणून एक ओळ लिहून निघून जाण्याची सोय संपली. लाइन धरून बसणारा प्रोग्रॅम सतत चालू ठेवावा लागतो. तक्रार खरी आहे. तरीही निर्णय बरोबर होता, असं माझं ठाम मत आहे. जुनी वाट स्थिती टिकवत होती ती जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळे. सुटलेल्या लाइनला सुरक्षित स्थितीत ठेवणं हे पुल-अप रेझिस्टरचं (लाइन १ कडे ओढून ठेवणाऱ्या रोधाचं) काम आहे आणि तो काही पैशांत मिळतो.

चूक झाली ती अंमलबजावणीत. २०२० नंतर सिसएफएसची वाट काढून टाकू असं लिहिलं गेलं, ती काढली गेली नाही, आणि ‘चालतंय ना’ म्हणत शिकवणंही तसंच राहिलं. नव्या वाटेचंही काही स्थिर नव्हतं: ५.१० मध्ये आयओसीटीएलची दुसरी आवृत्ती आली, २०२३ मध्ये ही वाट वापरणाऱ्या लिबगिपिओडी लायब्ररीची दुसरी आवृत्ती आली आणि पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेला सी कोड तिच्यावर कंपाइल होईना.

५१२ चा पायाही याच ओघातला. सरसकट नंबर कायम राहील असं वचन कर्नलने कधी दिलं नव्हतं, म्हणून तो बदलताना नियम मोडला गेला नाही. गिपिओचिपमधून मागितलं तर ६.६ वरही ती लाइन त्या चिपची १७ वीच आहे.