प्रवाळाचा उसना रंग

ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपास सराफाकडे मंगळासाठी अंगठीत बसवून मिळतं ते लाल पोवळं आणि मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ यांचं नातं तसं लांबचं आहे. दागिन्यातलं अस्सल पोवळं प्रामुख्याने भूमध्य समुद्रातलं. त्याचा लाल रंग सांगाड्यातच मुरलेला असतो, म्हणून कापून, घासून मणी केला तरी तो लालच राहतो. समुद्रात भिंती उभारणाऱ्या प्रवाळाचा सांगाडा मात्र चुनखडीचा, पांढराफेक. वरून दिसणारा तपकिरी, हिरवट, पिवळसर रंग बहुतांशी त्याच्या अंगात राहणाऱ्या पाहुण्यांचा असतो.

हे पाहुणे म्हणजे झूझँथेली, एकपेशीय शैवाल. प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. प्रवाळ त्यांना आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनयुक्त खत देतं; ते उन्हावर साखर तयार करून प्रवाळाची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज भागवतात. पाणी फार तापलं की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. ऊन तर पडतच असतं, पण ते वापरता येत नाही, आणि त्यातून ऑक्सिजनची विषारी रूपं तयार होऊन प्रवाळाच्या पेशी जाळू लागतात. मग प्रवाळ या पाहुण्यांना बाहेर काढतं. उरते काचेसारखी पारदर्शक कातडी आणि तिच्याखालचा पांढरा सांगाडा. यालाच विरंजन म्हणतात. या अवस्थेत प्रवाळ जिवंत असतं, पण उपाशी. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शैवाल परत वसतं. नाही निवलं, तर प्रवाळ उपासमारीने आणि रोगाने मरतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तापात जसं पारा किती चढला याबरोबरच ताप किती दिवस राहिला हेही डॉक्टर विचारतात, तसंच प्रवाळाचं आहे. अमेरिकेची ‘नोआ’ ही संस्था उपग्रहांनी मोजलेल्या समुद्रपृष्ठाच्या तापमानावरून हा हिशोब रोज मांडते आणि नकाशे सगळ्यांसाठी खुले ठेवते. पद्धत सोपी आहे. त्या जागेचं वर्षातल्या सर्वात उष्ण महिन्याचं सरासरी तापमान घ्यायचं. त्याच्या वर एक अंश किंवा जास्त चढलेला प्रत्येक आठवडा, जितके अंश वर तितका, बेरजेत धरायचा. बेरीज मागच्या १२ आठवड्यांची.

समजा एका बेटाजवळ ही सरासरी २९.५ अंश सेल्सिअस आहे. एप्रिलपासून सलग सात आठवडे पाणी ३०.२, ३०.५, ३०.८, ३१, ३१, ३०.७ आणि ३०.६ अंश राहिलं. पहिला आठवडा ०.७ अंशच वर, म्हणून तो सुटला. बाकीचे १, १.३, १.५, १.५, १.२ आणि १.१, म्हणजे एकूण ७.६ अंश-आठवडे. ४ ओलांडले की लक्षणीय विरंजन अपेक्षित असतं. ८ च्या पुढे नाजूक जाती मरू लागतात. या उदाहरणात पाचव्याच आठवड्यात ४ ची रेघ मागे पडली होती, आणि एकाही दिवशी पाणी हाताला ‘गरम’ लागलं नसतं! २०२३ मध्ये उष्णता इतकी वाढली, की नोआला आपल्या इशाऱ्यांमध्ये थेट २० अंश-आठवड्यांपर्यंतच्या नव्या पायऱ्या जोडाव्या लागल्या.

लक्षद्वीपमध्ये समुद्र सर्वात तापतो तो एप्रिल-मेमध्ये. पुढे मोसमी वारे, ढग आणि ढवळलेलं पाणी येऊन तो निवतो. पाऊस लांबला की बेरजेत आठवडे वाढतात. तिथे १९९८, २०१० आणि २०१६ नंतर २०२४ मध्येही विरंजन झालं. २०२४ चं विरंजन जगातल्या चौथ्या मोठ्या लाटेचा भाग होतं. खरं दुखणं या वर्षांमधल्या अंतरात आहे. १९८० च्या सुमारास जगातल्या एखाद्या प्रवाळभित्तीवर तीव्र विरंजन साधारण २५ ते ३० वर्षांतून एकदा व्हायचं. आता हे अंतर सहा वर्षांच्या आसपास आलं आहे. लवकर वाढणाऱ्या फांदीदार जातींनासुद्धा सावरायला १० ते १५ वर्षं लागतात. दगडासारख्या गोल जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, त्यांचं तर विचारूच नका. शिवाय हवेतला जादा कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकं पाणी आम्लाकडे झुकलेलं) औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला आहे. फरक छोटा दिसतो, पण हायड्रोजन आयन त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी वाढले आणि सांगाड्याची बांधणी महाग झाली.

म्हणूनच तुटक्या फांद्या दोऱ्याने किंवा सिमेंटने लावून भित्ती ‘परत आणण्या’च्या बातम्यांवर फार विसंबू नये. २०२३ च्या जुलैत फ्लोरिडात अशा फांद्या वाढवणाऱ्या समुद्रातल्या रोपवाटिकांमधली प्रवाळं, पाणी फार तापल्याने, उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावी लागली होती.

ठाण्याच्या खाडीत प्रवाळभित्ती का नाही, याचं उत्तर वाशीच्या पुलावरून खाली पाहिलं की मिळतं. गाळाने तपकिरी झालेल्या पाण्यात ऊन खोल जात नाही, गाळ बसून प्रवाळ गुदमरतं, आणि पावसाळ्यात गोड पाण्याने क्षारता कोसळते. तिवरांना आणि फ्लेमिंगोंना जे मानवतं ते प्रवाळाला मानवत नाही. वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर मात्र काही चिवट जाती तग धरून आहेत. त्याहून समृद्ध प्रवाळ पाहायला मालवण गाठावं लागतं, जिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे.

सुट्टीत तिथे स्नॉर्केलिंग करणार असाल तर डोळ्यांनी नोंद घेता येते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचा एक रंगतक्ता आहे. त्यात प्रत्येक छटेच्या १ ते ६ अशा फिक्या ते गडद पायऱ्या असतात. तक्ता घरच्या प्रिंटरवर छापू नका, छटा बदलतात. एका वसाहतीचा, म्हणजे एकसंध वाढलेल्या एका प्रवाळाचा, सर्वात फिका आणि सर्वात गडद भाग तक्त्याशी जुळवून दोन्ही आकडे, खोली, तारीख आणि पाण्याचं तापमान पाटीवर लिहा. फांद्यांची टोकं सोडून द्या. वाढती टोकं मुळातच पांढरी असतात आणि नवखे लोक हमखास तिथेच फसतात. फोटोवरूनही रंग ठरवू नका, कारण खाली लाल प्रकाश पोचत नाही आणि सगळं निळसर दिसतं.

पांढरं प्रवाळ दिसलं तर जवळून पाहा, हात न लावता. पृष्ठभागावर पारदर्शक पातळ थर आणि बारीक स्पर्शिका (बोटांसारखे तंतू) दिसल्या तर ते विरंजित आहे, जिवंत आहे. चांदणीच्या आकाराच्या खळग्या रिकाम्या आणि उघड्या कडांच्या दिसल्या, किंवा त्यांवर हिरवट लव चढू लागली, तर जीव गेला. पाय टेकवायचे ते वाळूतच. जमलं तर महिना-दीड महिन्याने कुणाकडून त्याच वसाहतीचे आकडे पुन्हा घेववा: २ चे ४ झाले असतील, तर पाहुणे परतले आहेत.