ड्वार्फ लायनफिश घरी नेताय? आधी हे वाचा

दुकानात आलेल्या प्रत्येकाचं बोट आधी याच माशाकडे जातं. तांबूस-तपकिरी पट्टे, पंख्यासारखे पसरलेले पर, आणि दिवसभर दगडाला टेकून बसणं. तांबड्या समुद्रापासून पार सामोआपर्यंतच्या प्रवाळखडकांत राहणारा हा मासा पुरा वाढला तरी १७ सेंटिमीटरच्या आसपास. पण आहे विषारी.

विष दातांत नाही, काट्यांत आहे. पाठीवर १३, पोटाखाली २ आणि शेपटीजवळ खाली ३. छातीचे मोठे पर दिसायला भीतीदायक, पण त्यांत विष नसतं. प्रत्येक विषारी काट्याला दोन बाजूंनी खाच असते, खाचेत विषग्रंथी, वर कातडीचं आवरण. काटा रुतला की आवरण मागे सरकतं आणि विष आत जातं. मासा आपणहून मागे लागत नाही. टाकी साफ करताना आपलाच हात त्याच्यावर पडतो.

आम्हालाही एकदा बसलाय. घाईत जाळीने धरायला गेलो, काटा जाळीतून सरळ अंगठ्यात. कोपरापर्यंत ठणका, रात्रभर झोप नाही. तेव्हापासून दुकानात जाळी बंद! प्लॅस्टिकचा डबा पाण्यात धरायचा आणि माशाला हळू आत हाकायचं. तुम्हीही तेच करा.

काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा, ४५ अंशांच्या वर नको, अर्धा ते दीड तास. हे विष प्रथिनांचं असतं, उष्णतेनं निकामी होतं. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने बघा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. बर्फ लावू नका, पट्टी आवळू नका. मग लगेच डॉक्टरांकडे जा. धाप लागली किंवा चक्कर आली तर गरम पाण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस इथे लागू पडत नाही, म्हणून ‘लायनफिशचा काटा’ असं स्पष्ट सांगा.

खायला गप्पी टाकू नका, स्वस्त पडतात म्हणून सगळे तेच करतात. गोड्या पाण्यातल्या माशांवर याची तब्येत टिकत नाही. समुद्री कोळंबीचे तुकडे चिमट्याने हलवून दाखवा. आठ-पंधरा दिवसांत सवय लागते. तोंडात मावेल तो सोबती मात्र हा गिळणारच, त्याची भरपाई आमच्याकडे मागू नये.

नळाचं पाणी नको, आरओच्या पाण्यात समुद्री मीठ. एप्रिल-मेमध्ये टाकी २७ अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

मासा मेला तरी काट्यात विष राहतं. जाड कागदात गुंडाळून पुरा, उघड्या हाताने उचलू नका.

न्यायला येताना टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन या. तपासल्याशिवाय आम्ही मासा देत नाही. डबा आमच्याकडून.